कठड्यावरची टोपी

आमच्या मंडळीला गीतांची मधली कडवी पाठ आहेत. नगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बघा. पहिलं कडवं, दुसरं कडवं आणि मग थेट शेवटचं, की आमेन. मधली चार-पाच कडवी बिचारी छापली गेली तशीच पुस्तकात पडून असतात. आमच्याकडे मात्र संडेस्कूलच्या पोरांपासून कवळी लावणाऱ्या आजीबाईंपर्यंत सगळे ती पुस्तक न उघडता म्हणतात. याचं श्रेय पाळकसाहेबांचं नाही आणि पेटी वाजवणाऱ्या बाईंचंही नाही. ते एका पांढऱ्या टोपीचं आहे.

टोपी माझ्या घरमालकांची. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीने भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. उपदेश संपतो, अर्पणाची पिशवी फिरते, पाळकसाहेब भाकर आणि प्याल्यावरचं कापड बाजूला करतात, आणि नेमके त्याच वेळी काका बाकावरून उठत. पुढे जाऊन वेदीसमोरच्या लाकडी कठड्यावर आपली टोपी ठेवत आणि मधल्या वाटेने सरळ चालत चर्चच्या बाहेर पडत.

कारण एकच. महिन्याभरात कुणाशी तरी भांडण झालेलं असे, आणि ते मिटवायला काका निघालेले असत. शास्त्रात तसं सांगितलंच आहे. काका ते त्यांच्या भाषेत सांगत, “देवाच्या दारात आलो, आन तितं आठवलं की अमक्याच्या मनात आपल्यामुळं सल हाय, तर हातातलं तितंच ठिवायचं. आदी त्याच्याकडं जायाचं, मंग देवाकडं.” हे वचन आम्हा सगळ्यांना लहानपणापासून तोंडपाठ होतं. पाठ केलेलं करायचंही असतं, हे मात्र काकांशिवाय कुणाला सुचलं नव्हतं.

टोपी कठड्यावर आहे म्हणजे काका परत येणार. पाळकसाहेब भला माणूस. एक जण समेटाला गेलाय आणि आपण मागे उरकून घ्यायचं, हे त्यांना पटत नसे. ते पेटीवाल्या बाईंकडे बघत, बाई सुस्कारा टाकत आणि गीत सुरू होई, सगळ्या कडव्यांसकट. तेवढ्यात काका आले तर ठीक, नाहीतर दुसरं गीत, त्याचीही सगळी कडवी. मागच्या बाकांवरच्या बायका पदराआड मोबाईल धरून घरी निरोप धाडत, ‘टोपी ठेवली. भात उशिरा लावा.’

पूर्वीचे काका मी पाहिलेले नाहीत. पण पाथर्डीच्या रस्त्यावर अजून त्यांच्या आठवणी निघतात. त्यांच्या गाडीचा हॉर्न बिघडला तरी डेपोत कुणी दुरुस्तीची घाई करत नसे म्हणे, कारण काका खिडकीतून तोंड बाहेर काढत आणि समोरचा ट्रॅक्टर उसासकट बाजूला होई. ते तोंड घरी आल्यावरही बंद होत नसे. काकूंनी कसं निभावलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. सभेत उभं राहून आपलं जीवन कसं पालटलं ते सांगायचं. सांगणारे तारीख-वारासकट सांगतात, काही जण तर किती वाजून किती मिनिटांनी तेही. बाहेरगावच्या एका उपदेशकांनी काकांची ख्याती ऐकून त्यांना भर सभेत विचारलं, “बंधू, तुमचं परिवर्तन कधी झालं?”

“झालं न्हाई अजून. चालू हाय,” काका म्हणाले.

उपदेशकांना वाटलं, माणूस लाजतोय. त्यांनी पुन्हा आग्रह केला.

“अवो, करंजीचा घाट पाह्यलाय का तुमी? येक वळण घेतलं की म्होरं दुसरं. वळलो म्हनून स्टेअरिंग सोडलं, की गाडी खाली दरीत.” एवढं बोलून काका खाली बसले. पाहुण्यांनी घाईने पुढच्या साक्षीदाराला बोलावलं.

सुरुवात कशी झाली ते काकूंनी मला सांगितलं. एका रविवारी पाळकसाहेबांनी ते समेटाचं वचन वाचलं. काका आयुष्यभर ते ऐकत आले होते, पण त्या दिवशी त्यांनी काकूंना कोपराने ढोसलं आणि विचारलं, “काय गं, हे आपल्याला बी लागू हाय का?”

“छ्या,” काकू म्हणाल्या. “त्ये फकस्त म्होरल्या बाकावरल्यांना हाय.”

काकांना टोमणा कळला की नाही देव जाणे. ते उठले, टोपी कठड्यावर ठेवली आणि बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं, लघवीला गेले असतील. काका पोचले डेपोत, त्यांच्या कंडक्टरकडे. हा कंडक्टर नगरचाच, मुसलमान, भारी मिस्कील माणूस. दोघे एकाच गाडीवर, पण कुठल्याशा भांडणावरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जो काही संवाद होता तो घंटीतून. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. काकांनी त्याच्यासमोर उभं राहून माफी मागितली. तो म्हणाला, “मी तर समजत होतो, तुमचा घसाच बसलाय.” मग दोघांनी चहा घेतला. तिकडे चर्चमध्ये मंडळी तिसऱ्या गीताच्या पाचव्या कडव्यावर होती.

याच कंडक्टरने मला मेंढपाळाची गोष्ट सांगितली. घाटात एकाची मेंढरं आडवी आली. काकांनी जुन्या सवयीने खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पाथर्डीला पोचेपर्यंत त्यांना चैन पडेना. परतीच्या फेरीत तो मेंढपाळ पुन्हा दिसला, तशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. सकाळचाच ड्रायव्हर उतरतोय म्हटल्यावर मेंढपाळ पळाला. काका मागे धावले आणि ओरडले, “थांब! ये, थांब म्हनतो ना! माफी मागायचीय!” आता तो आवाज ऐकून कुणीही थांबलं नसतं. पुढे मेंढपाळ, त्याच्यामागे मेंढरं, त्यांच्यामागे काका, आणि गाडीतले सगळे प्रवासी खाली उतरून बघताहेत. शेवटी कंडक्टर मध्ये पडला. माफी झाली, मेंढपाळाने दुरूनच पुढे केलेली तंबाखू काकांनी नाकारली आणि गाडी पाऊण तास उशिरा नगरला लागली. उशिराचा खुलासा मागितला गेला. काकांनी एका शब्दात लिहून दिला, ‘समेट.’

माफी मागताना काकांचा आवाज भांडतानाच्याच पट्टीत असे. पण नियम कडक होते. आपण काय केलं तेवढंच सांगायचं. समोरच्याने काय केलं ते काढायचं नाही. आणि त्यात ‘पण’ आणायचा नाही. “‘माफ करा, पन तुमी बी’ असं म्हनला, की नवं भांडन लागलं,” असं ते म्हणत. भाजीवालीपासून मीटर तपासायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांच्या या बिन-‘पण’च्या माफ्या मिळाल्या होत्या. फक्त माझ्या नशिबी आलेली माफी मी घ्यायला तयार नव्हतो.

मी मूळचा पारनेरकडचा. शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो आणि काकांच्या माडीवरच्या खोलीत राहायला आलो. जन्माने ख्रिस्ती आणि रविवारी गाढ झोपणारा. खोलीला बाहेरून बारा पायऱ्यांचा जिना होता. जिन्याखाली काकांनी हातभर जागेत कोथिंबीर लावली होती आणि तिला ते लेकरासारखं जपत. माझी मोटरसायकल उभी करायला सावली तेवढीच होती. यावरून आमचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

जानेवारीत राहुरीकडचं एक स्थळ आलं. मुलगी नर्स होती. आम्ही दोनदा भेटलो होतो, फोनवर तर रोज बोलत होतो. मला ती मनापासून आवडली होती आणि मी तिलाही पसंत होतो असं मला वाटे. तिचे वडील खोली बघायला आले तेव्हा मी पेढे आणायला गेलो होतो. त्यांनी काकांना सहज विचारलं, “मुलगा कसा आहे?”

“पोरगा गुनाचा हाय,” काका म्हणाले. “आळशी हाय जरा. चर्चला येत न्हाई. आला तर उपदेशाला झोपतो. येकदा तर घोरला.”

मुलीचे वडील त्यांच्या चर्चमधले वडीलधारे, मंडळीचे कारभारी. दोन दिवसांनी फोनवर नम्र शब्दांत नकार आला. मुलीचा फोन त्यानंतर लागलाच नाही. मी जिना उतरून काकांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत काका वर आले. दारात उभे राहून म्हणाले, “मास्तर, मी बोललो त्ये खरं हुतं. त्याची माफी मागत न्हाई. त्या दिशी सकाळी तुमी कोथिंबिरीवर गाडी घातली हुती, त्याचा राग पोटात हुता. त्यो मी खऱ्याच्या आडून काढला. खरं बोलताना मला मजा आली मास्तर. त्या मजेची माफी मागतोय.”

“मजा घेऊन मी काय करू?” मी म्हणालो. “त्यांना फोन करा आणि सांगा, सगळं खोटं होतं.”

“खोटं कसं सांगू?”

मी दार लावून घेतलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी पांघरुणात होतो. जिन्यावर पावलं वाजली. चर्च आमच्या गल्लीच्या टोकालाच, तिथलं गीत खिडकीतून ऐकू येत होतं. दार वाजलं. “मास्तर, हाय का?” मी पांघरूण डोक्यावर ओढलं. काकांनी बंद दाराला आपलं वाक्य म्हणून दाखवलं, तेच, मजेचं. थोडं थांबले आणि उतरून गेले. नंतर कळलं, की त्यांनी कठड्यावरची टोपी उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. भाकरीचं ताट समोर आलं तेव्हा मानेनेच नको म्हणाले. मार्चमध्येही तसंच झालं. मधल्या दिवसांत ते त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. “रोज दार वाजवलं तर त्ये पिडनं झालं,” असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं.

या माणसाचं सगळं आयुष्य महिन्याच्या त्या एका घासाभोवती फिरत होतं. बाकीचे एकोणतीस-तीस दिवस त्या घासाला लायक राहण्याच्या खटपटीत जात. तो घास माझ्या दारामुळे अडला होता, आणि मला ते पुरतं ठाऊक होतं.

पाळकसाहेब मला भेटायला आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “मास्तर, क्षमा मनातून यावी लागते, मी जबरदस्ती करत नाही. एवढंच सांगतो, की मंडळीची गीतं संपत आली आहेत.”

“त्यांनी खुशाल घ्यावं प्रभुभोजन. मी कुठे अडवलंय?”

“मीही तेच म्हणालो. तर मला म्हणाले, मास्तरला घाई करू नका, रागावायचा त्याचा हक हाय.”

याचा मला जास्तच राग आला. भांडणारा माणूस आपल्याच बाजूने बोलायला लागला की फार पंचाईत होते.

एप्रिलचा पहिला रविवार नेमका पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा आला. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. काका नवीन सदरा घालून जिना चढले, दाराला वाक्य म्हणाले आणि उतरले. दुपारी काकू मटणाचं ताट घेऊन वर आल्या. ताट ठेवलं आणि म्हणाल्या, “आज बी बिनभाकरीचेच आले तुमचे काका. तुमी जेवा. रस्सा गार हुईल.” मी जेवलो. चव काही लागली नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. रविवारी दहाच्या आत न उठणारा मी, महिन्याच्या दर पहिल्या रविवारी साडेआठलाच दाढी-अंघोळ करून तयार असे. नऊपासून दाराला कान लावून बसत असे. पावलं वाजली, की घाईने पलंगावर जाऊन श्वास रोखून पडत असे. काका बाहेर उभे आणि मी आत, कडी माझ्या हातात. शाळेत हेडमास्तरांपुढे मान खाली घालणाऱ्या मला एवढी सत्ता जन्मात मिळाली नव्हती.

मे महिन्याचा पहिला रविवार. मी नेहमीप्रमाणे कान लावून बसलो. गीत सुरू झालं, संपलं, दुसरं सुरू झालं. पावलं वाजली, पण तीन-चारच. मग काहीच नाही. दुसरं गीतही संपलं. मला राहवेना. मी कडी काढली.

काका पाचव्या पायरीवर बसले होते. टोपी चर्चमध्ये, डोकं उघडं, टकलावर ऊन तापत होतं. एका हाताने गुडघा दाबत होते. मला बघून उठायला लागले आणि पुन्हा बसले.

“मास्तर, आज गुडगं वर येईनात. हितूनच म्हनतो, चालंल ना?” आणि त्यांनी सुरुवात केली, “मी बोललो त्ये खरं हुतं. त्याची माफी...”

मी उतरून त्यांच्या वरच्या पायरीवर बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, “काका, मलाही मजा येत होती.”

“कशाची?”

“दार न उघडण्याची. दर वेळी जागा होतो मी. दाढीसुद्धा केलेली असायची.”

काका मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जुना हॉर्न वाजणार. “लई मजा यायची?”

“लई.”

“मला बी लई आली हुती,” काका म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि माझे तर त्याआधीच भरले होते. मी माफ केलं असं म्हणालो नाही आणि मला माफ करा असंही म्हणालो नाही. म्हणायला वेळच नव्हता, चर्चमधून तिसरं गीत सुरू झालं होतं.

“उटा मास्तर. त्या पेटीवाल्या बाईचा जीव जाईल.”

चालणं त्यांना शक्य नव्हतं. मोटरसायकल त्या दिवशीही कोथिंबिरीवरच उभी होती. काकांनी पाहिलं, मी पाहिलं आणि किल्ली फिरवली. उन्हाचं म्हणून मी माझं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत दोन मिनिटांत पोचलो. काका उतरले आणि लगबगीने लंगडत आत शिरले. घाईत हेल्मेट काढायचं राहिलंच. मधल्या वाटेने हेल्मेटवाला माणूस वेदीकडे येतोय असं बघून मंडळी चौथ्या कडव्याच्या मध्यावर थांबली. पेटीवाल्या बाईंचा भाता तेवढा सुस्कारत राहिला. काका कठड्यापाशी पोचले, टोपी घ्यायला वाकले आणि तेव्हा त्यांना डोक्यावरचं ओझं कळलं. त्यांनी हेल्मेट काढून टोपीशेजारी ठेवलं, मागे वळून मला खुणेने बोलावलं आणि पाळकसाहेबांना म्हणाले, “दोगं आलोय.”

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. भाकरीचा तुकडा त्यांनी आपल्या मोठ्या, स्टेअरिंगने कडक झालेल्या दोन्ही हातांत घेतला. मला हुंदका आला. तो मी खोकला म्हणून खपवला.

राहुरीची मुलगी दुसरीकडे सुखात आहे. पुढे श्रीरामपूरचं स्थळ आलं तेव्हा मीच मुलीच्या वडिलांना आधी सांगून टाकलं, की मी उपदेशाला झोपतो. ते म्हणाले, “आमची मुलगी शेजारी बसली तर झोपू देणार नाही.” तिने तो शब्द आजवर पाळलाय.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आमचं प्रभुभोजन अगदी वेळेवर आटपायला लागलं. पहिले दोन महिने सगळ्यांना बरं वाटलं. मग एकेक जण कठड्याकडे उगाच बघायला लागला. गीतं पुन्हा दुसऱ्या कडव्यावरून थेट शेवटच्यावर जायला लागली. मी दर पहिल्या रविवारी बसून काकांची आठवण काढत असे, आणि आठवण काढली म्हणजे आपलं काम झालं असं समजत असे.

गेल्या महिन्यात शुक्रवारी मी आमच्या शाळेच्या शिपायाला सगळ्या वर्गासमोर झापलं. घंटा त्याने चुकीच्या वेळी दिली होती. माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, मुलं हसली, आणि मी आणखी दोन वाक्यं वाढवली. रविवारी पाळकसाहेबांनी कापड बाजूला केलं आणि मला तिथेच ती दोन वाक्यं आठवली.

मी उठलो. बायकोने दबक्या आवाजात विचारलं, “अहो, कुठे? भात लावायचाय घरी जाऊन.” शिपाई राहतो शाळेमागे, जायला दहा मिनिटं, यायला दहा, आणि तो दार किती वेळाने उघडेल ते माझ्या हातात नव्हतं.

टोपी मी घालत नाही. बाकाखालचं हेल्मेट उचललं, पुढे जाऊन कठड्यावर ठेवलं आणि कुणाकडे न बघता मधल्या वाटेने दाराकडे निघालो. कान लालबुंद झाले होते. अर्ध्या वाटेवर असताना मागे पेटीवाल्या बाईंचा ओळखीचा सुस्कारा ऐकू आला आणि गीत सुरू झालं. मी रस्त्याला लागलो तेव्हा पहिलं कडवं संपलं, दुसरं संपलं. मी जरा थांबून कान दिला. मंडळी तिसरं म्हणत होती.